पाण्याचा बैल

त्या दिवशी आमच्या कोयूगा गावच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालायला जागा उरली नव्हती. जिकडे बघावं तिकडे माणसं. बायका उपड्या होड्यांवर चढून उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, संदेष्टा एलिकानाच्या तंबूकडे. तंबूवर पलंगाएवढा फोटो टांगला होता. आमचं सरोवर, आणि त्यातून उसळी मारून वर आलेला बैल. आख्खाच्या आख्खा पाण्याचा. शिंगं पाण्याची, वशिंड पाण्याचं, शेपटीतून थेंब उडतायत.

"बघा, लेकरांनो, बघा!" एलिकाना माइकवर ओरडत होता. "पहाटे प्रार्थनेला बसलो आणि ह्या मोबाइलनं टिपला! डोळा फसेल, पण कॅमेरा कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"तुमचे बुडालेले बुडालेच नाहीत! ह्या बैलानं नेलेत, नीट सांभाळलेत! मागाल त्याला परत देईल!"

एका माणसासाठी सरोवरातून गुरं बाहेर आली आणि त्यानं बायकोचा अपमान केला म्हणून परत पाण्यात गेली, ही आमच्याकडची जुनी गोष्ट. पाण्यातला बैल म्हटला की आमच्या लोकांना तो आधी खरा वाटतो, विचार मागाहून सुचतो. मी इथल्या शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. त्या गर्दीत निम्मे माझेच विद्यार्थी होते. धन्य ते गुरुजी आणि धन्य ते शिष्य!

माझा धाकटा भाऊ ओबुया सतरा दिवसांपूर्वी जाळी घेऊन गेला होता. होडी सापडली, तो नाही. आमच्यात प्रेत मिळालं नाही की त्याच्या जागी यागो पुरतात. यागो म्हणजे त्याच नावाच्या झाडाचं हातभर लांब, जड फळ. ते पुरायचं, रडायचं, मग मेलेला सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. मी फळ आणून ठेवलं होतं. पण ओबुयाची बायको विल्किस्टर त्याला हात लावू देईना.

"जिवंत माणसाला पुरतात का, भाऊजी?" ती म्हणायची.

मला तर रडूही आलं नव्हतं. शाळेत जायचो, मक्याच्या पिठाची उगाली गिळायचो, झोपायचो. आतून सगळं मुंग्या आलेल्या पायासारखं झालं होतं. आपलंच, पण आपलं नाही.

एलिकानानं फर्मान काढलं. शनिवारी सकाळी तीन विधवांनी डोळे मिटून गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचं आणि बैल येईपर्यंत पुढे चालत राहायचं. त्या तिघींत विल्किस्टर होती. तिला पोहता येत नव्हतं आणि घरी आठ महिन्यांचं पोर होतं.

मी गर्दीतून ओरडलो, "अहो, त्या बुडतील!"

"आले गुरुजी!" एलिकाना हसला. "भावाला पुरायची भारी घाई! आमच्यात विधवा दिराच्या घरी जाते, हे कुणाला ठाऊक नाही?"

गर्दी खदाखदा हसली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसता त्या फोटोकडे बघत राहिलो, पेपर तपासताना बघतो तसा. आणि पेपर तपासताना जे दिसतं तेच दिसलं. कॉपी. डाव्या शिंगाच्या टोकाला तीन थेंब आणि एक वाकडी धार होती. उजव्या शिंगाच्या टोकालाही तेच तीन थेंब, तीच वाकडी धार, फक्त आरशातल्यासारखी उलटी. पाण्याचे दोन शिंतोडे असे जुळे उडत नाहीत. शिवाय पाणी काचेसारखं नितळ! आमचं सरोवर ह्या दिवसांत हिरवंगार असतं.

बाजारात फोटोचं दुकान एकच, बेरिलचं. तीही माझीच विद्यार्थिनी.

"मीच केलाय, गुरुजी," ती लगेच म्हणाली. "तंबूला फलक पाहिजे म्हणाले. तो असं काही सांगत सुटेल हे मला काय माहीत!"

"आणि शिंगं?"

"दुसरा शिंतोडा शोधायचा कंटाळा केला. एकच उलटा करून लावला."

"शनिवारी लॅपटॉप घेऊन चल."

"दुकान फोडतील माझं."

"विल्किस्टर बुडेल, बेरिल."

तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं. पण शनिवारी आली.

तिघी पांढरे कपडे घालून पाण्याशी उभ्या होत्या. बेरिलनं एका होडीवर काळं कापड टांगलं. मी घागरभर पाणी विल्किस्टरच्या हातात दिलं.

"एकदा ह्या कापडासमोर फेक. मग जायचं तर जा. मी अडवणार नाही."

काय वाटलं कोण जाणे, तिनं फेकलं. बेरिलनं फोटो काढले आणि लॅपटॉप उपड्या होडीवर ठेवला. लोक वाकून बघू लागले. मी त्यांना तंबूवरच्या बैलाची जुळी शिंगंही दाखवली. तिनं काळा रंग पुसला, नुसतं पाणी उरलं. शेजारी बांधलेल्या बैलाचा फोटो घेतला. शिंतोडे त्याच्या पाठीवर चिकटवले, वाकवले, मानेपाशी ताणले. मग खालचा खरा बैल काढून टाकला. पाण्याचा उरला.

"सैतानाचं यंत्र!" एलिकाना किंचाळला.

"यंत्र सैतानाचं, मग तुझा मोबाइल कुणाचा रे?" म्हातारा ओगुटू म्हणाला. "आणि तुझ्या बैलाची शिंगं जुळी कशी, ते सांग की!"

त्या दिवशी मला हसलेले लोक आज त्याला हसले. विल्किस्टर हसली नाही. ती लॅपटॉपपाशी आली.

"हे मी फेकलेलं पाणी?"

"हो, वहिनी," बेरिल म्हणाली.

"मग ह्याच पाण्यातून ह्यांना कर."

बेरिलनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"करता येईल, वहिनी. तोंड, हात, सगळं. अर्धा तास लागेल."

"आणि मग?"

"मग फोटो होईल. तेवढंच."

विल्किस्टर चिखलात बसली. आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तिनं हंबरडा फोडला. बाकीच्या दोघी तिच्या शेजारी बसल्या. पाण्यात कुणीच उतरलं नाही. त्याच संध्याकाळी आम्ही यागो पुरलं. एलिकाना तंबू टाकून पसार झाला. दुसऱ्या किनाऱ्यावर आता त्याच्याकडे पाण्याची मगर आहे म्हणतात.

म्हणून सांगतो. चमत्कार दाखवला की विचारा: कुणी केला, कशानं केला, परत करून दाखवता का? विचारल्यानं देव रागावत नाही, रागावतो तो भामटा. एकवीस वर्षं मी पोरांकडून उत्तरं घोकून घेतली, आणि वर्गात कुणी मध्येच प्रश्न विचारला की त्याला खाली बसवलं. तीच पोरं मोठी होऊन त्या तंबूसमोर उभी होती. एकानंही हात वर केला नाही.