थट्टेचा हक्क

“कुठाय तो आळशी? मालक दारात येऊन उभा आहे आणि हा खुशाल आडवा पडलाय. उठवा त्याला.”

आनातोल नेबिए मशिदीच्या तळघराच्या दारातून गरजला आणि आतली कुजबुज एकदम थांबली. समोर साध्या लाकडी पेटीत, पांढऱ्या कापडाखाली लासाने बांसे होता. भिंतीकडेने त्याची जातभाई मंडळी मान खाली घालून बसली होती. दारातल्या या म्हाताऱ्याने अंगात कोट उलटा घातला होता, डोक्याला बायकी रुमाल बांधला होता आणि हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी धरली होती. साठी उलटलेला, गुडघ्यांनी दमलेला माणूस. एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात त्याचा सगळा जन्म गेलेला. धुलाईखान्यात त्याला कुणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी ओढणीआड तोंड लपवलं. त्या रडत होत्या की हसत होत्या हे कळायच्या आतच लासानेचा मुलगा रास्माने उठला. त्याने आनातोलचा दंड धरला आणि त्याला पायऱ्यांवरून वर, थेट फुटपाथवर आणलं.

“काका, आज नको,” तो दात आवळून म्हणाला. “घरी तुम्ही बाबांना वाटेल ते बोलायचात, आम्ही हसायचो. पण आज बाबा गेलेत. लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, गुरुन्सी वेळेवर आला.”

“आणि हे शेंगदाणे?”

“कबरीवर ठेवायला. बिसा माणूस जिवंत असेल तर शेंगदाण्याच्या वासानं उठून बसतो. नाही उठला तर मग...”

“पुरे.” रास्मानेचा आवाज चिरकला. “शोक करायचा असेल तर आत या आणि गप्प बसा. चेष्टा करायची असेल तर घरी जा.”

आनातोलने त्याचा हात दंडावरून सोडवला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण रागवायची त्याला मुभा नव्हती.

लासाने बिसा, आनातोल गुरुन्सी. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोत, या दोन जमातींचं नातं थट्टेचं. कुठल्या जमान्यात कशावरून भांडण पेटलं आणि कुणी मिटवलं, देव जाणे. पण मिटवणाऱ्या शहाण्यांनी ठरवून टाकलं की यापुढे यांनी एकमेकांवर हात उगारायचा नाही, फक्त तोंड चालवायचं. बिसाने गुरुन्सीला कुत्रेखाऊ म्हणायचं, गुरुन्सीने बिसाला शेंगदाण्यासाठी आई विकणारा म्हणायचं, दोघांनी एकमेकांना आपला गुलाम म्हणायचं, आणि जो रागावेल तो हरला. एवढंच असतं तर त्याला नुसती गंमत म्हणता आलं असतं. पण बिसाच्या घरी मयत झालं की घरचे रडतात आणि गुरुन्सी येऊन धिंगाणा घालतो. प्रेत अडवतो, मेलेल्याच्या नकला करतो, त्याची उणीदुणी काढतो. त्याने स्वतः मात्र रडायचं नाही. हा त्याचा हक्क आणि हेच त्याचं काम. ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

रास्मानेला हे माहीत असायला त्याने ते कधी पाहिलं कुठे होतं? तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मला, ओहायोत शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. इथे अमेरिकेत बुर्किनाचं कुणी गेलं की गाववाल्यांच्या मंडळाची माणसं धावपळ करून प्रेत विमानाने गावी पाठवत. रडणं तिकडे, धिंगाणाही तिकडेच. लासानेने मात्र हट्ट धरला होता की पोरं ज्या देशात आहेत तिथेच मला पुरा. त्यामुळे आज हे सगळं या भूमीवर पहिल्यांदाच होणार होतं आणि करणारा एकटा आनातोल होता. त्याने स्वतःही हे शेवटचं पाहिलं होतं ते मिसरूड फुटायच्या वयात. सकाळी आरशासमोर त्याने कोट दोनदा सुलटा करून पुन्हा उलटा घातला होता.

आता तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. निघून जावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय निघेनात.

तो या शहरात उतरला तेव्हा भर हिवाळा होता. ज्या भावाचा पत्ता खिशात होता तो भाऊ घर सोडून कुठे गेला होता, कुणाला ठाऊक नव्हतं. अंगात पातळ जाकीट. थंडीने कान जळत होते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला टेबल मांडून लोकरीच्या टोप्या विकणाऱ्या एका जाड्या माणसाने त्याला हटकलं, बुर्किनाकडच्या मोरे भाषेत नाव विचारलं. आडनाव नेबिए ऐकताच तो जाड्या, म्हणजे लासाने, भर रस्त्यात टाळ्या पिटत ओरडला, “कुत्रेखाऊ! माझ्या बापाचा पळालेला गुलाम सापडला रे!” त्याने टेबलावरची सगळ्यात जाड टोपी उचलून आनातोलच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली. गुलाम थंडीने मेला तर नुकसान मालकाचं, म्हणाला. मग टेबल आवरून त्याला घरी नेलं. त्या खोलीत आधीच इतकी माणसं होती की झोपायची पाळी लावावी लागे. त्याची बायको झेनाबो तेव्हा नवी नवरी होती. तिने नाव-गाव न विचारता भेंडीच्या कालवणाचं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, “खा, गुलामा. कुत्रा नाहीये, चालेल ना?”

आनातोलला त्या दिवसाचं अजूनही नवल वाटतं. एवढ्या मोठ्या शहरात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं आणि कधीच न पाहिलेल्या माणसाच्या एका शिवीने त्याला घर मिळालं. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या म्हाताऱ्यांना कसं सुचलं असेल हे?

तळघराचं दार उघडलं. पेटी वर येत होती. माणसांच्या खांद्यांवरून ती पायऱ्या चढून गाडीकडे निघाली. मागून झेनाबो आली. दोन बायकांनी तिला धरलं होतं. इस्पितळातून आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, डोळ्यांतून टिपूस नाही, की पोटात अन्नाचा कण नाही. बायका तिला सारखं रड म्हणत होत्या आणि ती भिंतीकडे बघत बसली होती.

ती चालता चालता थांबली. तिची नजर खांबाशी उभ्या असलेल्या आनातोलवर गेली होती. उलटा कोट, रुमाल, हातात पिशवी आणि तोंडाला कुलूप. 

“गुलामा,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “तुझी जीभ कुत्र्यानं नेली का?”

आनातोलने रास्मानेकडे पाहिलं. झेनाबोनेही पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. मुलाला ती रागावली नाही.

“याला असाच जाऊ देणार तू?” ती पेटीकडे बोट दाखवत आनातोललाच म्हणाली. “शिवी द्यायलासुद्धा कुणी नाही, असा? बेवारशासारखा?”

पुढचा विचार करायला आनातोल थांबलाच नाही. तो धावत गेला आणि गाडीच्या उघड्या दारात हात पसरून उभा राहिला. गाडी हलणार नाही, म्हणाला. माझी मालमत्ता माझ्या परवानगीशिवाय न्यूयॉर्कबाहेर जाऊ देणार नाही. मग त्याने पोट पुढे काढलं, एक खांदा वर केला, नाक जोरात ओढलं आणि फुटपाथवरून दोन पावलं चालून लासानेच्या आवाजात ओरडला, “टोप्या घ्या टोप्या! डोकं असेल त्यांनीच घ्या!”

बायकांमधून हसू फुटलं. जातभाई पुरुष गुडघ्यांवर हात ठेवून हसू लागले. इमामसाहेब दुसऱ्या मुलखातले, त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड वळवलं. आणि झेनाबो हसली. पोट धरून, मान मागे टाकून, लग्नातल्या फोटोत हसली होती तशी.

रास्माने हसला नाही. तो डोळे विस्फारून बघत होता. ते खांद्याचं वर जाणं, ते नाक ओढणं, ते हुबेहूब होतं. आपण बाबांची चाल विसरू या भीतीने तो दोन रात्री झोपला नव्हता. त्याचा बाप आत्ता त्याच्यासमोर फुटपाथवरून दोन पावलं चालून गेला होता.

कबरस्तान नदीपलीकडे न्यू जर्सीत होतं. तिथे खड्डा आधीच खणून ठेवला होता आणि यंत्रापाशी दोन कामगार वाट बघत होते. आनातोल सगळ्यांच्या आधी जाऊन खड्ड्याच्या काठावर बसला आणि हलेना. अडवणाऱ्याला काहीतरी देऊन उठवायची रीत, म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी गळ्यातला मफलर देऊ केला, त्याने तो नाकारला. मला मुलाकडून पाहिजे, म्हणाला.

“तुझ्या बापाचा एक दोष सांग. खराखुरा. त्याशिवाय उठणार नाही.”

रास्मानेने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण कुणाच्या नजरेत त्याला टोमणा दिसला नाही.

“बाबा बेसूर गायचे,” तो अखेर म्हणाला. “आणि माझ्या मित्रांसमोर मुद्दाम गायचे.” पुन्हा हशा झाला. त्या हशात त्याचा स्वतःचाही आवाज होता.

आनातोल उठला. लासानेला खाली उतरवलं, तख्ते लावले, माती लोटली. ढीग तयार झाल्यावर आनातोलने पिशवी उघडली, मूठभर शेंगदाणे मातीवर ठेवले आणि गुडघे टेकून खाली वाकला.

“लासाने, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी तर मेल्यावरही जायची नाही. हे घे. ताजे भाजलेत, मीठ लावून. ऊठ.”

आता कुणी हसलं नाही. सगळे त्या मूठभर दाण्यांकडे बघत होते. यंत्रापाशी उभ्या कामगारांनीही, काय चाललंय ते न कळता, टोप्या काढल्या. उठणार नाही हे लहान मुलांनाही ठाऊक होतं, तरी त्या क्षणी प्रत्येक जण खरोखर वाट बघत होता. आनातोलने जरा जास्तच वेळ जाऊ दिला. मग तो हातावर जोर देऊन उभा राहिला आणि थट्टेचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला,

“नाही उठला. गेला तो, वहिनी. खरंच गेला.”

दोन दिवस जे वाक्य डॉक्टर, इमाम, मुलगा कुणालाच नीट उच्चारता आलं नव्हतं, ते आता बोलून झालं. झेनाबो मातीवर बसली आणि तिने गळा काढला. तो आवाज ऐकून रास्मानेच्या अंगावर काटा आला, पण छातीवरचं ओझंही उतरलं. काकांना हे काम काय असतं ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि आपण त्यांना फुटपाथवर काढलं होतं.

आनातोल शेवटपर्यंत आपल्या कामावर राहिला. परत निघालेल्या प्रत्येकाला त्याने काही ना काही सुनावलं, मंडळाच्या अध्यक्षांच्या चपलांपासून इमामसाहेबांच्या गाडीपर्यंत काही सोडलं नाही. बायका झेनाबोला घेऊन पुढच्या गाडीने गेल्या. हळूहळू कबरस्तान रिकामं झालं आणि सुनावण्यासारखं कुणी उरलं नाही. तेव्हा रास्मानेने पाहिलं, की आनातोलचा जबडा आवळलेला आहे आणि ओठ थरथरताहेत. चेहरा मात्र त्याने लाकडासारखा ठेवला होता. बिसाच्या पोरासमोर गुरुन्सीने रडायचं नसतं.

आनातोलने नेहमीप्रमाणे गाडीचं पुढचं दार उघडलं.

“तिथे नाही,” रास्माने म्हणाला. “मागे बसा.”

“का रे?”

“आमच्यात कुत्रेखाऊ माणसाला पुढे बसवत नाहीत.” त्याने मागचं दार उघडून धरलं. “आणि गुलामाला तर नाहीच.”

  आनातोल मागच्या सीटवर जाऊन बसला. रास्मानेने गाडी सुरू केली आणि निघण्याआधी हात वर करून मागची सीट दाखवणारा समोरचा आरसा छताकडे फिरवला. ब्राँक्सचा पूल येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.