माश्यांना कुणी सांगायचं?

परवापर्यंत लांगवेन गावात चारशे तेरा माणसं होती. आता चारशे बारा. हे रोझेनला कुणी सांगायला नको होतं, कारण गावच्या कचेरीतली जन्ममृत्यूची वही गेली तीस वर्षं तीच लिहीत होती. या वेळी तिनं बापाचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, आणि त्याचंच तिला रडू आलं.

आज दहा वाजता बापाची, योबची, शवपेटी घरातून निघायची होती. त्याआधी एक काम उरलं होतं. मागच्या बागेत मधमाश्यांच्या सात पेट्या होत्या. त्यांना काळी फीत बांधून धनी गेल्याचं सांगायचं होतं. न सांगता धन्याला घराबाहेर काढलं, तर माश्या रुसून निघून जातात.

रोझेननं फिती बांधल्या. धुकं अजून गवतावर लोळत होतं. सफरचंदाची झाडं फुलांनी इतकी पांढरी झाली होती, की धुकं कुठं संपतं आणि फांद्या कुठं सुरू होतात ते कळेना. ती पेटीपाशी वाकली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाबा गेले."

आतली गुणगुण चढली. तिनं पुन्हा सांगितलं, तर झुंडच्या झुंड पेटीच्या दारापाशी येऊन भिरभिरायला लागली. बाबांच्या हातचं एवढंच तर उरलं होतं. तेही उडून गेलं तर?

मग चूक तिच्या लक्षात आली. योब माश्यांशी ब्रेतॉनमध्ये, या मुलखाच्या जुन्या भाषेत बोलायचा. मुलीशी मात्र त्या भाषेतला एक शब्द नाही! त्याच्या लहानपणी शाळेत ती भाषा तोंडातून निघाली, की शिक्षा म्हणून पोरांच्या गळ्यात लाकडी बूट अडकवत. योबनं तो कितीदा मिरवला होता. 'माझ्या पोरीच्या गळ्यात नाही,' म्हणाला आणि तोंड शिवून बसला. फ्रेंच त्याला धड येईना. त्यामुळे बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "दार लाव." पन्नास वर्षं! काय म्हणावं या माणसाला!

ती धावत शेजारच्या तेफामावशीकडे गेली. ऐंशी ओलांडलेली म्हातारी चुलीपाशी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती.

"मावशी, आपल्या भाषेतलं एक वाक्य द्या. माश्यांना सांगायचंय."

"आपली होय? आज बरी आपली झाली!" मावशी फणकारली. "इतकी वर्षं गावातली माणसं मोजलीस. ही भाषा बोलणारी किती उरली, ते मोजलंस कधी?"

"किती?"

"परवापर्यंत दोघं होतो." मावशीनं तवा उतरवला आणि एप्रनलाच डोळे पुसले. "मी आता बोलू कुणाशी, ते सांग. चल, ऐक. 'मार्व एओ ओ मेस्त्र.' तुमचा धनी गेला. म्हण बघू."

रोझेन ते पुटपुटतच बागेत आली, मागोमाग मावशीही. प्रत्येक पेटीशी वाकून तिनं ते म्हटलं. सातव्या पेटीपर्यंत आवाज पार फुटला होता. पण माश्या एकेक करून आत शिरू लागल्या. गुणगुण खाली आली, एखादं घर झोपी जावं तशी.

"मावशी, माझा आवाज त्यांना नवा आहे. मी कोण, ते कसं सांगू?"

"वेडी आहेस का गं?" मावशी म्हणाली. "त्या तुला जन्मापासून ओळखतात. कुंपणापलीकडून रोज संध्याकाळी योबला त्यांच्याशी बोलताना ऐकलंय मी. पोरीला ताप आलाय. पोर पहिली आली. पोर आज रडत घरी आली, मला काही विचारता आलं नाही. दुसरं बोलणंच नव्हतं त्याचं."

रोझेन तिथंच गवतात बसली. तिनं उबदार पेटीला कपाळ टेकलं. चर्चची घंटा वाजायला लागली, घराकडून कुणी तरी हाक मारली, तरी ती उठेना.

"मावशी, आणखी एक वाक्य द्या."

"कुठलं?"

"पोर इथंच आहे, असं."