गच्चीवरून दिसणारी खेळपट्टी

इंदुताईंनी मूगवड्या वाळत घातलेले जुने पातळ दोन्ही टोकांना धरून कठड्याकडे ओढून घेतले. मोकळ्या झालेल्या जागेत त्या तरुण इंजिनिअरने तिपाई उभी केली, तिच्यावर दुर्बीण बसवली आणि वाकून तो मैदानाकडे पाहू लागला. खाली गवताच्या मधोमध एक माणूस रंगीत खुणांची उंच पट्टी धरून उभा होता. इंजिनिअरने हात डावीकडे हलवला की तो पट्टीसकट डावीकडे सरकत होता.

“फार वेळ लागेल का?” इंदुताईंनी विचारले.

“आज एवढंच, काकू. पण पुढे अधूनमधून यावं लागेल. सगळं मैदान एका नजरेत दिसेल अशी आजूबाजूला ही एकच गच्ची आहे.”

“या ना,” त्या म्हणाल्या. “गच्ची काय, पडूनच असते.”

त्याचे नाव केशव देवतळे. इंदुताईंचे घर मैदानाच्या पश्चिमेला होते. घर आणि मैदान यांच्या मध्ये एक गल्ली आणि तारेचे कुंपण, एवढेच. त्या कुंपणाच्या आत आता सिमेंटचे मोठे स्टँड उभे राहणार होते. आजवर मॅच असली की तेवढ्यापुरती बांबूची मचाणे बांधत, शामियाने ठोकत, आणि खेळाडू टिनाच्या शेडमध्ये कपडे बदलत. यापुढे बाहेरचे मोठे संघ येणार होते. त्यांना टिनाची शेड चालणार नव्हती.

मॅचच्या दिवशी मात्र ही गच्ची माणसांनी भरून जायची. इंदुताईंचे यजमान वामनराव सचिवालयात कारकून होते आणि क्रिकेटचे वेडे होते. त्यांच्या कचेरीतले गणपतराव आणि इतर मंडळी, रामदासपेठेतले नानाजी, गल्लीतले शेजारी, सगळे सकाळीच वर येऊन सतरंजीवर बसत. मधोमध ट्रान्झिस्टर असे. इंदुताई पितळी पातेल्यात चहा करीत आणि तो घेऊन जिने चढत. चार वर्षांपूर्वी वामनराव गेले. तरीही मंडळी येत राहिली. खेळ रंगात आला की कोणी ना कोणी म्हणेच, “वामनराव असते तर म्हणाले असते, ह्याले काढा आधी!” मग सगळे हसत.

इंदुताईंना क्रिकेट कधीच कळले नाही. चहाचा ट्रे हातात घेऊन त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोडा वेळ थांबत. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी स्वतः यजमानांचे नाव कधी उच्चारले नव्हते. त्यांच्या पिढीत बायका नवऱ्याचे नाव उच्चारीत नसत. मूलबाळ नव्हते. मॅच नसलेल्या दिवसांत त्या घरात ते नाव कोणीच घेत नसे.

केशव येत राहिला. कधी दुर्बीण घेऊन, कधी नुसताच, वरून काम कसे दिसते ते पाहायला. तो यवतमाळकडचा होता, धंतोलीत खोली घेऊन राहायचा आणि खानावळीत जेवायचा. इंदुताई त्याच्यासाठी पोहे करू लागल्या. तो खाता खाता कठड्यावरून बोट दाखवून सांगायचा आणि त्या ऐकत राहायच्या.

“ही आपली काळी माती आहे ना काकू, ती मोठी हट्टी आहे. पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर पाया टिकतच नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागते.”

“मग खेळतात कसे तिच्यावर?”

“तीच तर गंमत आहे. पाणी मारून रोलर फिरवला की फरशीसारखी बसते. पाया घालायला वाईट अन् खेळायला चांगली.”

स्टँड पश्चिमेलाच का, तर दुपारनंतर बसणाऱ्यांच्या पाठीवर ऊन येईल, डोळ्यांत नाही. खेळपट्टी दक्षिणोत्तर का, तर मावळता सूर्य फलंदाजाच्या समोर येऊ नये. वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा थोडी अधिक उंच का, तर पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला चेंडू दिसला पाहिजे. हे सगळे तो इतक्या हौसेने सांगायचा की इंदुताईंना वाटे, ह्याला घरी कोणी काही विचारतच नसेल.

एकदा त्याने विचारले, “काकांचं नाव काय हो?”

“दारावर पाटी आहे ना,” त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला तो वर आला तो बोलतच. “वामनरावांनी इथं बसून मस्त मॅच बघितल्या असतील. इतकी चांगली जागा तर शामियान्यातही नसायची.”

इंदुताईंनी त्याच्या पुढ्यातली बशी उगाच थोडी सरळ केली. त्या दिवशी पोह्यांवर खोबरे दोनदा पडले.

पावसाळा संपता संपता खांब वर आले. एका सकाळी कपडे वाळत घालायला गेलेल्या इंदुताईंना खांबांची टोके आपल्या कठड्याच्या बरोबरीला आलेली दिसली. वर लोखंडी सळ्या आकाशात उभ्याच होत्या. दुपारी केशव आला तेव्हा त्यांनी विचारले,

“हे अजून किती वर जाणार आहे?”

त्याने हात डोक्याच्या वर नेला. मग त्या हाताकडे आणि इंदुताईंकडे पाहून तो सावकाश खाली घेतला.

“म्हणजे इथून काही दिसणार नाही.”

“नाही, काकू.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

खाली काँक्रीटच्या मिक्सरचा घरघराट चालू होता. इंदुताईंनी दोरीवरची ओली चादर झटकली आणि पुन्हा झटकली.

“तुम्ही अजूनही बघता मॅच?” त्याने विचारले.

“बघतो ना. मॅच असली की सगळे येतात. नानाजी, गणपतराव… सगळे.”

त्यापुढे त्यांना आणखी काहीतरी सांगायचे होते, पण ते कसे सांगतात हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या चादरीची टोके जुळवत राहिल्या. केशवने खांबांच्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग चहा न घेताच खाली गेला.

काही दिवस तो आला नाही. इंदुताईंना वाटले, आपण बोलायला नको होते. त्याच्या हातात काय आहे? तो तर नोकरीचा माणूस.

तो आला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. तो हसत होता. “काकू, वर चला जरा.”

गच्चीवर त्याने त्यांना कठड्याच्या एका जागी उभे केले, थोडे उजवीकडे सरकवले. समोर स्टँडची पाठ भिंतीसारखी वर गेली होती. पण बरोबर मध्ये ती दुभंगलेली होती. लोकांना आत जाण्यासाठी ठेवलेली ती वाट होती. खालपासून वरपर्यंत उघडी. त्या वाटेतून हिरव्या गवताची एक उभी पट्टी दिसत होती आणि त्या पट्टीत, लहानशी, तपकिरी, खेळपट्टी.

“दिसली?”

“दिसली.”

“नकाशात ही वाट तिकडे कोपऱ्यावर होती. मी इकडे घेतली. साहेबांनी विचारलं काहून. मी म्हटलं, कोपऱ्यात पाणी साचते, गर्दीही एकाच जागी होईल. खोटं नाही ते, तसं होतंच. पूर्ण नाही दिसणार, एका बाजूच्याच यष्ट्या दिसतील. पण बोलिंग कळेल.” तो थांबला. “वामनरावांना तेवढं पुरलं असतं ना?”

इंदुताईंना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्यांनी तो कठड्यावर ठेवला. “खूप झालं,” त्या म्हणाल्या. “एवढं कोण करते?”

त्याच आठवड्यात त्याची बदली झाली. पारशिवनीकडे पेंचच्या धरणाचे काम चालू होते, तिथे त्याला जायचे होते. निरोप घ्यायला तो आला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, “मॅचला मी नसेन. पण तुम्ही बघाल ना, काकू?” इंदुताईंनी त्याला वाटेत खायला अनारसे बांधून दिले.

पौषात मॅच ठरली. आदल्या दिवशी इंदुताईंनी गच्ची झाडली, धुतली. ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल घातले. मॅचच्या सकाळी सतरंजी अंथरली, पितळी पातेले चिंचेने घासून ठेवले आणि साखर, चहा, आले ओट्यावर काढून त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. गल्ली माणसांनी फुलली होती. थोड्याच वेळात नानाजी सायकल ढकलत फाटकातून आत आले.

“या, नानाजी. वर सतरंजी टाकली आहे.”

“वर कुठी, वहिनी?” नानाजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि खिशातून गुलाबी कागद काढून दाखवला. “यंदा त आपण अंदर! जावयानं पास आणून देल्ला. सायकल तेवढी इथी ठेवतो. अंदर सायकलीची काही सोयच नाही करून ठेवली.”

“पण वरून दिसते अजून,” इंदुताई म्हणाल्या. “ती वाट आहे ना, तिच्यातून. खेळपट्टी दिसते. एकदा वर येऊन पाहून तर घ्या.”

“आता काहून फटीतून पाहाचं? तुमीबी कमाल करता.” नानाजी हसले, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जरा अडखळले. “येतो ना. चहाच्या टायमाले येतो.”

त्यांच्या मागोमाग गणपतराव आले. तेही सायकल ठेवून गेले. मग ज्यांना इंदुताई ओळखत नव्हत्या असेही लोक विचारून, आणि नंतर न विचारताच, सायकली लावू लागले. तुळशीवृंदावनापर्यंत अंगण सायकलींनी भरले.

मॅच सुरू झाल्याचे त्यांना आवाजावरून कळले. त्या वर गेल्या आणि केशवने दाखवलेल्या जागी उभ्या राहिल्या. फटीत पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस धावत आला आणि नाहीसा झाला. थोड्या वेळाने पुन्हा आला. चेंडू दिसत नव्हता. स्टँडच्या सगळ्यात वरच्या ओळीत माणसांच्या पाठी दिसत होत्या. स्वेटर, मफलर, टोप्या. त्यांतली नानाजींची कोणती ते त्यांनी ओळखायचा प्रयत्न केला. ट्रान्झिस्टर कोणी लावला नव्हता. सतरंजीचा एक कोपरा वाऱ्याने उलटला होता, तो त्यांनी सरळ केला आणि तिच्या कडेला बसल्या, यजमानीण बसते तशी, मधली जागा सोडून.

चहाची सुटी झाली असावी, कारण गल्लीत गलबला वाढला. त्या खाली आल्या, चहा टाकला. तो उकळला, आटला. गलबला ओसरला, पुन्हा आतून आवाज येऊ लागला. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले.

तेव्हा कडी वाजली.

दारात एक तरुण बाई उभी होती. कडेवर तान्हे मूल होते आणि ते रडून रडून लाल झाले होते.

“काकू, जराशी बसू का? लेकराले पाजाचं होतं. तिथी बायकांले आडोसाच नाही कुठी. गेटवरचा शिपाई म्हणे, त्या घरी इचारून पाहा.”

“ये, ये. आत ये.”

इंदुताईंनी मधल्या खोलीत चटई टाकली, पाठीला उशी दिली आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसल्या. मूल चुपचाप पिऊ लागले. ती कौशल्या. मौद्याची होती, घरी धानाचा व्यापार.

“ताराचंदले क्रिकेटचा भलता शौक,” ती म्हणाली. “मले म्हणे चाल, नवीन स्टेडियम पाहू. मले त काहीच समजत नाही. कोणाले टाळ्या वाजवाच्या तेही समजत नाही.”

“ताराचंद कोण?”

“माया नवरा.” कौशल्या हसली. “आमच्या सासूबाईलेही आवडत नाही मी नाव घेतो त. पण मंग माणसाले हाका कशा माराच्या?”

इंदुताईही थोड्या हसल्या. त्यांनी झाकण काढून चहा गरम केला आणि कप तिच्या हाताशी ठेवला. मूल पिता पिता झोपले होते. कौशल्याने त्याला चटईवर निजवले, पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले.

“हे काका?”

“हो.”

“नाव काय त्यायचं?”

इंदुताईंनी हातातला कप खाली ठेवला. बाहेर कोणाची तरी सायकल कलंडली आणि तिच्यासोबत आणखी दोन-चार कलंडल्या. खडखडाट थांबल्यावर त्या म्हणाल्या,

“वामनराव.”

आवाज घोगरा निघाला. त्यांना तो आपला वाटला नाही. पण कौशल्याला त्यात काही विशेष दिसले नाही. कोणाचेही नाव ऐकावे तसे तिने ते ऐकले आणि चहाचा घोट घेतला.

“वामनरावकाका काय करत होते?”

“सचिवालयात होते,” इंदुताई म्हणाल्या. “अन् क्रिकेट… क्रिकेट म्हटलं की जेवण सुचायचं नाही. एकदा काय झालं…”

तेवढ्यात समोर कोणीतरी बाद झाले. स्टँडमधून उठलेला गजर गल्ली ओलांडून खोलीत शिरला, भांडी थरथरली. मूल दचकले, त्याच्या मुठी उघडल्या आणि ओठ मुडपू लागले. इंदुताई उठल्या. त्यांनी मैदानाकडची खिडकी ओढून घेतली, खिट्टी लावली. खोलीत थोडा अंधार झाला. आवाज दूर गेला. मूल पुन्हा शांत झाले.

त्या परत येऊन चटईच्या कडेला बसल्या.

“मंग?” कौशल्याने विचारले.