बोगिमचं आमेन

कोरियातल्या मोक्पोच्या बंदराजवळच्या त्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आमेन म्हणायला घसा लागायचा, आणि तसा घसा बोगिमकडे होता. मा आडनावाचे पाळकसाहेब व्यासपीठावरून विचारायचे, "विश्वास आहे ना?" आणि पुढच्या बाकावरून बोगिम असं काही आमेन ठोकायची की पेंगणारे वडील, म्हणजे मंडळीचे पंचसुद्धा, दचकून तिची री ओढायचे. "जेवढं मोठं आमेन, तेवढा मोठा आशीर्वाद," हे पाळकसाहेबांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, "विश्वास हे झाड, आज्ञापालन हे त्याचं फळ." बोगिमला दोन्ही पटायची. ती क्वॉन्सा होती, म्हणजे मंडळीतली मानाची म्हातारी, आणि हा मान तिला फुकटात मिळालेला नव्हता. लग्नानंतर ख्रिस्ती झाली तेव्हा पूर्वजांच्या पूजेत वाकायला तिनं नकार दिला. सासूनं पितळेची वाटी कपाळावर फेकून मारली. रक्त पुसत ती म्हणाली होती, "आई, तुमचं बाकी सगळं ऐकेन. एवढं नाही."

तिला पहिल्यांदा शिसारी आली तो शनिवार होता. मंडळीच्या स्वयंपाकघरात ती आणि तिची मैत्रीण माल्सुन रविवारच्या सूपसाठी मोड आलेले मूग निवडत होत्या. खिडकीतून समोरच्या पायऱ्या दिसत. प्यो पायऱ्या धूत होता. प्यो म्हणजे मंडळीचा राखणदार. झाडलोट, घंटा, दिवे, सगळं त्याच्याकडे. जिन्याखालच्या खोलीत तो राहायचा, अर्धांगाच्या झटक्यानं पाय गेलेल्या बायकोसोबत. तेवढ्यात पाळकसाहेबांचा मुलगा सेजिन आला. हाही पाळकच, नुकताच अमेरिकेहून शिकून आलेला. बादलीतलं गढूळ पाणी त्याच्या बुटांवर उडालं. त्यानं प्योच्या थोबाडीत दिली. बापाच्या वयाच्या माणसाच्या!

बोगिमच्या हातातले मूग तसेच राहिले. पण खरी किळस पुढे होती. प्यो कमरेत वाकला, "चुकलं, पाळकसाहेब" म्हणाला आणि स्वतःच्या बाहीनं बूट पुसायला लागला. एक पुसून झाला तसा सेजिननं दुसरा पाय पुढे केला.

"बघितलंस?" बोगिम म्हणाली.

"मी मूग निवडतेय," माल्सुन म्हणाली. "तूही निवड. निवडून झाले की गिळून बस."

मंगळवारी पाळकसाहेब दोन वडिलांना घेऊन बोगिमच्या घरी प्रार्थनेला आले. गीत झालं, प्रार्थना झाली. बोगिमनं नाशपाती सोलून पुढे ठेवली. पाळकसाहेब फोडीवर फोड तोंडात टाकत होते, रस हनुवटीवरून ओघळत होता, आणि त्यातूनच ते बोलत होते.

"क्वॉन्साबाई, मी आता निवृत्त होणार. माझ्या जागी सेजिन बसावा अशी प्रभूची इच्छा आहे. काही लोक कुजबुजतात, की मंडळी म्हणजे काय वाणसामानाचं दुकान आहे का, बापानंतर मुलाला द्यायला. रविवारी सभेत मी विचारीन. तुमचं आमेन पहिलं आलं पाहिजे, बस्स. तुमच्यामागे सगळे येतात."

बोगिम सुरी पुसत राहिली. वाण्याचं कार्टं गल्ल्यावर बसलं की तो लोभ, आणि ह्यांचा बाब्या व्यासपीठावर चढला की ती प्रभूची इच्छा!

"आणि हो," एक वडील म्हणाले, "तुमच्या ग्यूहोचं नाव नव्या वडिलांच्या यादीत घेतलंय."

इथे तिचा हात थांबला. ग्यूहो, तिचा एकुलता एक. तो वडील व्हावा म्हणून पहाटेच्या प्रार्थनेत तिनं गुडघे झिजवले होते. देवाकडे मागितलेलं हे लोक फोडींच्या ताटाशेजारी आणून ठेवत होते.

"साहेब," ती म्हणाली, "धाकट्या पाळकसाहेबांनी प्योभाऊंना मारलं. मी बघितलं."

पाळकसाहेबांनी दातात काडी घातली. "मारलं नाही, शिस्त लावली. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, क्वॉन्साबाई. विश्वासानं बघा. आणि प्योची काळजी नको. त्याची खोली आपल्याला तरुणांना कॉफी प्यायला बसण्यासाठी लागणार आहे. रविवारी सभा झाली की तो आणि त्याची बायको डोंगरातल्या प्रार्थनागृहात जातील. हवा चांगली आहे तिथली."

डोंगरातलं प्रार्थनागृह तिला ठाऊक होतं. कुणाला नको झालेली माणसं तिथे नेऊन टाकत आणि विसरून जात. ती काही बोलणार तोवर पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. हात रसानं चिकट होता. ते गेल्यावर तिनं साबण लावून केस धुतले, तरी टाळूवरचा तो चिकटपणा जाईना.

शनिवारी ग्यूहो आला. चेहरा खुलला होता, नवा कोटही शिवून घेतला होता.

"आई, मंडळीचे वडील म्हणतात तू प्यो-बियोचं काहीतरी काढलंस?"

"मारलं त्याला. पायाशी बसवलं."

"अगं, तुला फक्त आमेन म्हणायचंय. विष का प्यायचंय?" त्यानं आवाज मऊ केला. "देवाच्या सेवकाचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं, हे मला कोणी शिकवलं? तूच ना?"

तिनंच शिकवलं होतं. ह्या वेळची किळस पाळकसाहेबांची नव्हती, तिची स्वतःची होती.

रविवारी सभागृह गच्च भरलं. उपासना झाली, फक्त शेवटचा आशीर्वाद बाकी ठेवून सभा सुरू झाली. एक वडील उठून म्हणाले, "मताच्या चिठ्ठ्या-बिठ्ठ्या जगाच्या रीती. आपण विश्वासाची माणसं, आमेननं ठरवू." पाळकसाहेबांनी हात उंचावले. "सेजिन पाळकांना तुम्ही आज्ञाधारकपणे स्वीकारता ना?"

आणि ते थेट बोगिमकडे बघायला लागले.

तिनं तोंड मिटलेलं ठेवलं. अख्खं सभागृह तिची वाट बघत होतं. कुणी खोकलं. माल्सुननं कोपरानं ढोसलं. नाही म्हणायला त्या मंडळीत शब्दच नव्हता. इतक्या वर्षांत कुणाला त्याची गरज पडली नव्हती, म्हणून ती नुसतीच गप्प बसली. पाळकसाहेबांचं हसू थोडं घसरलं.

"स्वीकारता ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"आमेन!"

पुरुषांच्या बाजूनं आवाज आला. आईकडून मिळालेला तो खणखणीत घसा ग्यूहोचा होता. मग काय, सगळं सभागृह आमेन आमेन करत धो धो वाहिलं. माल्सुनही ओरडली. सेजिननं नम्रपणे मान खाली घातली. ती नम्रता बोगिमला बघवली नाही.

ती उठून उभी राहिली.

"ह्यानं प्योभाऊंना थोबाडीत मारली!" त्याच घशानं ती ओरडली. "आणि बूट पुसायला दुसरा पाय पुढे केला! मी बघितलं. माल्सुननंही बघितलं. आज प्योभाऊंना आणि त्यांच्या बायकोला डोंगरात टाकणार आहेत!"

माल्सुन गीतपुस्तकात डोकं घालून बसली. पाळकसाहेबांनी ऑर्गनवाल्या बाईला बोटानं खूण केली. ऑर्गन दणाणला, मंडळी उठून गायला लागली, आणि गाणंही कुठलं, तर आज्ञापालनाचंच. बोगिम आणखी काही ओरडली, ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. शेजारच्या बाया तिच्याकडे न बघता, डोळे मिटून, टाळ्या वाजवत गात होत्या.

ती बाकावरून बाहेर पडली आणि जिन्याखालच्या खोलीकडे गेली.

खोलीत बोचकं बांधून तयार होतं. प्यो भिंतीवरच्या स्पीकरखाली उभा होता, सभेतलं सगळं तिथे ऐकू यायचं. त्याची बायको यॉन्सिम गादीवर बसलेली.

"प्योभाऊ, चला," बोगिम म्हणाली. "वहिनींना घेऊन माझ्या घरी. माझं घर मोठं नाही, पण एक खोली आहे."

प्यो गांगरला. "क्वॉन्साबाई, पाळकसाहेबांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं?"

"मी आत्ता आमेन म्हटलं ना," प्यो म्हणाला. "सगळ्यांबरोबर. आता त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं? तुम्हीच तर मला मंडळीत आणलंत. तुम्हीच सांगितलंत, ऐकायचं."

हेही बोगिमचेच शब्द होते.

"ह्यांना राहू दे इथे परवानगी मागत," गादीवरून यॉन्सिम म्हणाली. पाय गेले तरी तिची जीभ शाबूत होती. "त्या दिवशी मारून वर बूट पुसायला लावले, आणि घरी येऊन हा बाबा मला म्हणतो, आपलीच चूक! माझं जेवण जाईना त्या दिवशी. बोगिमताई, मला विचार. मी येते."

बोगिम तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली. "धर गळ्याला."

"पडशील गं म्हातारे."

"पडलो तर दोघी पडू. धर."

यॉन्सिम पाठीवर आली. हाडांचा सापळा, तरी बोगिमचे गुडघे कटकन वाजले. प्यो मध्ये आला, "निदान शेवटचा आशीर्वाद होऊ द्या, त्याआधी उठून जाणं बरं नाही." मग बोचकं उचलावं की राहू द्यावं हे न कळून तो तिथेच चुळबुळत राहिला.

वर गाणं संपलं होतं. बोगिम सभागृहाच्या मागे, बाहेर पडायच्या मोठ्या दाराशी पोचली, तिथे यादीतले नवे वडील ओळीनं उभे होते, आशीर्वादानंतर बाहेर पडणाऱ्यांचं अभिवादन घ्यायला. ग्यूहो दाराला लागूनच होता.

"आई!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "काय चाललंय हे? लोक बघताहेत!"

"दार उघड," बोगिम म्हणाली. "माझे हात गुंतलेत."

ग्यूहोचा हात दाराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यानं मान वळवून व्यासपीठाकडे, पाळकसाहेबांकडे बघितलं, उघडू का म्हणून.

बोगिमनं ते बघितलं. पोटच्या पोराची किळस येते, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पाळकसाहेब काय खुणावतात ते बघायला ती थांबली नाही. यॉन्सिमला पाठीवर थोडं वर सरकवून तिनं दाराला खांदा लावला.