रेघेपलीकडचा झरा

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, एकाहत्तर वर्षांचे. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून दर हिवाळ्यात ते सायकल घेऊन सरहद्दीकडच्या डोंगरात सहा दिवस जाऊन राहतात. "निसर्ग बघायला," म्हणतात. पहिल्या वर्षी आम्हाला बरं वाटलं, माणूस सावरतोय. दुसऱ्या वर्षी तर कौतुकच वाटलं. पण पाचव्या वर्षीही तोच डोंगर, तोच डुलता धोंडा, तीच वाऱ्याची गुहा, आणि परत येताना एक फोटो नाही! तेव्हा नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, अप्पांनी तिकडे दुसरं बिऱ्हाड तर थाटलं नाही ना?"

नवरा तिच्यावर खवळला. पण त्याच रात्री जेवताना मला म्हणाला, "या वर्षी तू जा त्यांच्याबरोबर. तुमचा गुडघा दुखतोय, सोबत हवी, असं त्यांना सांग. आणि डोळे उघडे ठेव."

डोळे उघडे ठेवायला मला शिकवायला नको. विमा कंपनीत मी दावे तपासते. दुकान जळलं की जाळलं, हात मोडला की मोडून घेतला, हेच दिवसभर बघायचं. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

मी येणार म्हटल्यावर अप्पांचा चेहरा उतरला. "कशाला सूनबाई, तुला चढ झेपायचा नाही," म्हणाले. एवढ्यानेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

उतरलो ती चार खोल्यांची जागा होती. एका विधवा बाईंची. खाली त्यांचं शिवणकाम, वर पाहुणे. त्यांनी आमची ओळखपत्रं दोनदा उलटसुलट करून पाहिली. "दर वर्षी एकटे असता," त्या अप्पांना म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून, "या कोण?"

"सून."

"असं होय," म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नव्हतं. आम्ही जिना चढत असताना त्यांनी फोन उचललेला मी ऐकला.

पहिल्या दिवशी डुलता धोंडा पाहिला. दोन खोल्यांएवढा दगड एका टोकावर तोललेला. वारा आला की खरंच हलतो. दहा-बारा लोक फोटो काढत होते. अप्पा मात्र धोंड्याला पाठ करून उभे. वरच्या उतारावरची वाट बघत होते, मधूनच घड्याळ बघत होते.

"अप्पा, धोंडा इकडे आहे."

"पाहिलाय गं मी तो," म्हणाले, आणि खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. मी जवळ जाताच वही मिटली.

परतताना मागे एक सायकल लागली. हिरवी लोकरी टोपी घातलेला पन्नाशीचा माणूस. आम्ही थांबलो की तोही थांबायचा, चेन तपासल्यासारखं करायचा. चेन बिलकुल ठीक होती.

"हा कोण?" मी विचारलं.

"असेल कुणीतरी," अप्पा म्हणाले. पण पॅडल जोरात मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी गुहेकडे जाताना पाण्याचे डबे घेऊन चढणारी एक म्हातारी भेटली. अप्पा सायकलवरून उतरले आणि तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले. मी पोचेपर्यंत बोलणं संपलं होतं. म्हातारी जाता जाता दोनदा वळून बघत होती. बिऱ्हाडाचा संशय तिथेच फिटला; त्या म्हातारीचं वय ऐंशीच्या घरात होतं. पण त्याच्या जागी दुसरा संशय आला, आणि तो जास्त वाईट होता.

संध्याकाळी अप्पा अंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडली. लाज वाटली, पण उघडली. 'सकाळी ७.१०, नऊ बायका, तीन पुरुष. परत ८.५५. दुपारी चार, सहा बायका.' पुढे बाणांच्या खुणा, वाटेची वळणं, सीमेच्या खांबांचे क्रमांक. पाच वर्षांच्या अशाच नोंदी. सरहद्दीवर माणसं मोजणारा माणूस कोण असतो, हे कुणीही सांगेल. अप्पा केस पुसत बाहेर आले तेव्हा वही जागेवर होती, पण मी पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"थंडी वाजतेय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ते जोडझऱ्याकडे निघाले. खडकातून एक झरा फुटतो आणि दोन धारा होऊन खाली उतरतो, असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. शेवटचा अर्धा तास सायकली ढकलत चढलो. वर पोचलो तर पुढे तारेचं कुंपण, आणि झरा तारेच्या पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर. पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता. अलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक छोटं गाव.

अप्पा एका खडकाआड बसले आणि वही काढली. आता विचारायचंच, असं मी ठरवलं. तोंड उघडणार इतक्यात हिरवी टोपी वर आली, आणि तिच्यामागे सरहद्दीच्या नाक्यावरचा अधिकारी आणि दोन जवान.

"हेच ते," हिरवी टोपी म्हणाली. "तीन वर्षं बघतोय मी. आमच्या बायका मोजतात."

अधिकाऱ्याने वही घेतली, पानं उलटली. "आजोबा, हे काय आहे?"

अप्पा तारेपलीकडे बघत राहिले.

मग अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला यातलं काहीच माहीत नाही," मी म्हटलं. आणि नकळत अर्धं पाऊल बाजूला सरकले. ते अर्धं पाऊल अप्पांनी पाहिलं. अजूनही आठवलं की मला स्वतःचीच चीड येते.

अप्पा खडकाला धरून उठले. "तिला खरंच माहीत नाही," म्हणाले. "मी मोजणी खात्यात नकाशे काढायचो. त्रेचाळीस वर्षांपूर्वी सरहद्दीची ही रेघ नक्की झाली, तेव्हा या पट्ट्याचा कागद माझ्या हाताखालून गेला. झरा रेघेच्या अलीकडे की पलीकडे, याबद्दल शंका होती. वर जाऊन बघून ये, म्हणून मला पाठवलं होतं."

"मग?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी वर आलो नाही. खाली धोंड्याजवळ बसलो. नवे बूट चावत होते. जुन्या कागदावरचा आकडा उतरवला आणि 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही केली. झरा पलीकडे गेला."

अधिकाऱ्याने वही मिटली. अप्पाच पुढे म्हणाले, "इतकी वर्षं तार नव्हती, कुणी अडवत नव्हतं, म्हणून कळलंही नाही. तार लागली आणि पेपरात फोटो आला, डबे घेऊन नदीवर जाणाऱ्या बायकांचा. गाव मी ओळखलं. तेव्हापासून येतोय. किती जणी जातात, किती वेळ लागतो, लिहून ठेवतो. चार अर्ज केले. 'नोंदीत चूक आढळत नाही' असं उत्तर येतं. कशी आढळेल? नोंद माझीच आहे."

हिरव्या टोपीने विचारलं, "खालून इथवर यायला किती वेळ लागला असता तुम्हाला?"

"अर्धा तास."

"आम्हाला नदीवरून भरलेले डबे घेऊन पाऊण तास लागतो. रोज." एवढं बोलून तो सायकल वळवून निघून गेला.

अधिकाऱ्याने वही ठेवून घेतली आणि आम्हाला सोडलं. उतरताना मी अप्पांची सायकलही ढकलत होते. "अर्जात स्वतःचं लिहिलंत का?" मी विचारलं.

"नाही गं. हातच चालला नाही. तुझ्या सासूलासुद्धा कधी सांगितलं नाही."

खोलीवर आल्यावर मी कागद पुढे ठेवला. खोटे जबाब वाचण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत. खरा कसा दिसतो ते मला माहीत आहे. अप्पांनी सुरुवात केली, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे...'

"ताप होता?"

"नव्हता."

"मग खोडा."

'मी वर गेलो नाही,' हे पहिलं वाक्य लिहायला त्यांना तासभर लागला. बाकीचा अर्ज वीस मिनिटांत झाला.

दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. ती आणि अर्ज घेऊन आम्ही गावात गेलो. अप्पांनी उभ्याने अर्ज वाचून दाखवला. एक बाई मधेच उठून गेली. एका म्हाताऱ्याने सही करायला नकार दिला. "यांच्या कागदाने एकदा बुडालोय," म्हणाला. हिरवी टोपी गावची पाण्याची व्यवस्था पाहणारा निघाला. त्याने अर्ज दोनदा वाचला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "यात तुमचा फायदा काय?"

"काही नाही."

"तेच तर," तो म्हणाला. तरी त्याने सही केली.

घरी मोठा तमाशा झाला. नणंद रडली. नवरा म्हणाला, "तुला लक्ष ठेवायला पाठवलं होतं, अब्रू वेशीला टांगायला नाही." अप्पांना खात्याची नोटीस आली, चौकशीला तीन फेऱ्या झाल्या. रेघेच्या दोन्ही बाजूंचे अधिकारी वर जाऊन पाहून आले. रेघ हलली नाही. रेघा अशा हलत नसतात. पण वर्षभराने तारेत एक फाटक झालं, सकाळचे दोन तास उघडं राहील असं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुन्हा त्या गावात गेलो. कुणी या-बसा म्हटलं नाही. डबा घेतलेल्या एका मुलीने आईला विचारलं, "हाच का तो?" आईने तिचा हात ओढला. अप्पाच म्हणाले, "हो बाळा, मीच तो."

मग हिरवी टोपी कागदाची गुंडाळी घेऊन आली. फाटकाच्या हुकुमाबरोबर आलेला नकाशा गावाला उमगत नव्हता. अप्पांनी तो ओट्यावर पसरला, चष्मा पुसला आणि कुठून जाता येईल, कुठे नळी टाकता येईल, सीमेचा खांब कुठला, ते बोट ठेवून सांगू लागले. तो माणूस मागे उभा राहून ऐकत होता. कपाळाची आठी गेली नव्हती.

"हे असंच आहे कशावरून?" त्याने विचारलं.

"माझ्या शब्दावर जाऊ नका," अप्पा म्हणाले. "दोघं जण नकाशा घेऊन वर जा आणि खांब मोजून या."

तो आणखी एकाला घेऊन खरंच वर गेला. आम्ही ओट्यावर बसून त्यांची वाट बघत राहिलो.