इराची हाक

इथे परदेशात, सिटीवेस्टच्या हॉलमध्ये माझ्या इराला मिलोराद हँडबॉल शिकवतो. सर्बियात तो नावाजलेला खेळाडू होता. गुडघा गेला आणि कोच झाला. तोंडाने फटकळ, पण पोरींवर जीव टाकतो.

पहिल्याच मॅचमध्ये इराने गोल मारला आणि "बाबा!" म्हणून ओरडली. मी हात हलवला, तर हा खो खो हसायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत बाबा म्हणजे आजी," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "मला आजीनंच वाढवलं. ती मागच्या बाकावर बसायची. गोल मारला की मीही हेच ओरडायचो."

आता इराची हाक आली की मी क्षणभर थांबतो. मिलोराद मागच्या रिकाम्या बाकांकडे बघून घेतो. मग मी हात हलवतो.