साबणाचं तोंड, दारूचं तोंड

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत आणि एकातूनही आवाज फुटत नाही, हेच माझं दुखणं आहे. मी दारू मोजायचं एक जुनं स्टीलचं माप. दोन पेले बुडाला बूड लावून जोडावेत तसा माझा आकार. मोठ्या तोंडात साठ मिलि मावतं, लहान तोंडात तीस. धंद्यातली माणसं मला जिगर म्हणतात. या घरात मात्र माझं नाव डमरू! तुमच्यात कोणी लहान असेल, तर माझ्या पोटात काय ओततात याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. त्याने घरातलं खोकल्याच्या औषधाचं माप डोळ्यांसमोर ठेवावं आणि पुढचं ऐकावं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने पत्रा दाबून माझे दोन पेले काढले, एका कारागिराने ते जोडले आणि आतून घासून गुळगुळीत केले. मग तपासनीस बाई आल्या. त्यांनी मला काठोकाठ पाण्याने भरलं, ते पाणी तोललं, मला उलटं करून पुन्हा तसंच केलं आणि म्हणाल्या, "एक थेंब इकडचा तिकडे नाही." माझी छाती अशी फुगली म्हणता! खरोखरच फुगली असती तर तिथल्या तिथे नापास झालो असतो, ते सोडा.

पुढची सहा वर्षं मी एका हॉटेलच्या बारमध्ये काढली. तिथला बारवाला मला दोन बोटांत धरून असा गर्रकन फिरवायचा की गिऱ्हाइकं ग्लास विसरून माझ्याकडे बघत बसायची. व्हिस्की मोजली की मला पाण्यात बुडवायचं, जिन मोजली की पुन्हा बुडवायचं. दिवसाला शंभर अंघोळी! तेव्हा मी वैतागायचो. आता त्या अंघोळींच्या आठवणीने जीव कासावीस होतो. पुढे ते हॉटेल बंद पडलं, आम्हा सगळ्यांना खोक्यात भरून विकलं आणि मी एका चष्मेवाल्याच्या घरी येऊन पडलो.

हा गृहस्थ दिवसभर दुकानात बसून लोकांना सांगतो, "तुमचे डोळे तुम्हाला फसवतायत." आणि घरी आला की बाटली उचलून म्हणतो, "मोजायचं कशाला? माझी नजर आहे ना!" त्याला घरी कॉकटेल बनवायचा भारी नाद. कपाटात छोट्या छोट्या भट्ट्यांमधून शोधून आणलेली व्हिस्की, जिन, ब्रँडी ओळीने उभी. पुस्तकात लिहिलेलं असतं साठ मिलि ब्रँडी, तीस मिलि संत्र्याचा रस. हा आज ब्रँडी निम्मा ग्लास ओतणार आणि रस दोन चमचे, उद्या नेमकं उलटं. एकच कॉकटेल दोनदा सारखं झालंय, असं या घरात आजवर घडलेलं नाही. आणि दर वेळी पहिला घोट घेऊन स्वतःच स्वतःला म्हणणार, "फर्स्टक्लास!" कर्म माझं! मी शेजारीच उभा असायचो, डोक्यावर उकडलेलं अंडं घेऊन, कारण या घरात माझा उपयोग अंडं ठेवायला!

अंड्याचंही मी काही मनावर घेतलं नसतं. पण एके दिवशी त्याने चष्म्याच्या काचा पुसायचं पाणी घरीच बनवायला घेतलं. आधी वीस मापं पाणी, मग त्यात एक माप भांडी घासायचा पातळ साबण. आणि इथे मात्र स्वारीला अचूक माप हवं! त्याची बायको शिवणकाम करते, येणारेजाणारे सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वहिनींनी मशीनवरून मान वर केली. "अहो, तो डमरू दारूचा ना? त्यात साबण कसला घालताय?"

"अगं, त्याला दोन तोंडं आहेत. मोठं साबणाचं, लहान दारूचं. दोघांची कधी गाठ पडते का?"

घ्या! झाला घरात नियम. माझं लहान तोंड दारूचं, आणि त्यात दारू कधी पडायची नाही. मोठं साबणाचं, आणि त्यात दर आठवड्याला साबण. धुवायचं नावही नाही. चष्मा पुसायचं पिवळं फडकं एकदा आतून फिरवलं की झालं. साबणाचा थर तळाशी वाळून बसला, काचेसारखा पारदर्शक. नजरवाल्याला तो कधीच दिसला नाही.

आणि मग तो रविवार आला. दुपारी चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ पिशवी घेऊन दारात उभा. हा पूर्वी कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून, परवाना काढून त्याने एका शेडमध्ये जिनची भट्टी लावली होती. पिशवीतून तीन बाटल्या निघाल्या. व्हिस्की आणि ब्रँडी ओळखीच्या भट्टीवाल्यांची, जिन त्याची स्वतःची.

"दादा, उद्या एक हॉटेलवाल्या बाई जिन चाखायला येतायत," तो म्हणाला. "त्यांच्यापुढे ठेवण्यासारखी नसेल तर भट्टी बंद. कारखान्याने परत बोलावलंय, परवा रुजू होतो. तू नेहमी छान छान म्हणतोस. आज खरं सांग."

दादांनी व्हिस्कीचं एक आणि ब्रँडीचं एक कॉकटेल केलं, अर्थात नजरेने. दोन्हींना "फर्स्टक्लास!" झालं. भावाने एकेक घोट घेऊन ग्लास बाजूला सारले. "जिनचं मी करतो, दादा. मोजून." दादा बर्फ आणायला आत गेले आणि भावाने मला उचललं.

मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांनी कोणीतरी मला डोळ्यांसमोर धरलं, सरळ धरलं, श्वास रोखून काठापर्यंत भरलं. असा माणूस भेटावा म्हणून मी त्या घरात झुरत होतो. आणि भरलं कुठलं तोंड? मोठं! त्या बिचाऱ्याला घरातला नियम कोण सांगणार? जिनने तळाचा थर अलगद सोडवला. मी आतल्या आत ओरडत होतो, 'अरे, ओतू नकोस!' पण दोन तोंडं असून उपयोग काय? डोंबल! त्याने जिन ओतली, लहान तोंडाने लिंबाचा रस मोजला, साखरेचा पाक घातला. दादा बर्फ घेऊन आले, मग शेकर खळाखळा हलवून ग्लास भरले. वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस.

"वा! काय फेस आलाय!" दादा म्हणाले. घोट घेतला. चेहरा क्षणभर वाकडा झाला, तो मी पाहिला. "फर्स्टक्लास!"

भावाने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "साबण लागतोय."

"छे! तुझं आपलं काहीतरीच."

"साबण लागतोय, दादा. माझे धणे जास्त झाले. धणे जास्त पडले की जिन अशीच लागते. मला पहिल्यापासून हीच भीती होती." तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि सिंकमध्ये बाटली उपडी केली. "चार वर्षं पाण्यात गेली. बाईंना नको म्हणून कळवतो."

दादा मागे उभे राहून "अरे, अरे" करत राहिले. अरे-अरे काय करता? सांगा ना! राग राग झाला नुसता. तेवढ्यात वहिनी पसारा आवरत आल्या आणि त्यांनी मला नळाखाली धरलं. माझ्या मोठ्या तोंडातून भसाभसा फेस वर आला आणि त्यांच्या बोटांवरून ओघळला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी अजून साबण लावलाच नाही."

त्यांनी माझ्या मोठ्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. मग त्या ओरडल्या, "भाऊजी, बाटली सरळ करा आधी!"

"मोठं तोंड साबणाचं आहे," दादा पुटपुटले.

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुलाही साबण लागला होता?"

"लागला होता."

"मग फर्स्टक्लास कशाला म्हणालास?"

"तुला वाईट वाटलं असतं रे."

"दादा, मी परवापासून नोकरीवर निघालो होतो!"

वहिनींनी मला कढत पाण्याने चारदा धुतलं, हुंगलं, पुन्हा धुतलं. बाटलीच्या तळाशी थोडीशीच जिन उरली होती. माझ्या लहान तोंडाने मोजली, दोनदा भरली. दोघांना तीस-तीस मिलि. लिंबू नाही, पाक नाही, बर्फसुद्धा नाही.

दादांनी घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. गिळला. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. दादांचा ओठ "फ"वर आलाच होता, तो त्यांनी मिटला.

"वास छान आहे. धणे बरोबर आहेत," ते सावकाश म्हणाले. "पण शेवटी घशाला झोंबते रे. बरीच झोंबते."

मला वाटलं, आता भाऊ उठून जाणार.

"झोंबते ना?" भाऊ म्हणाला. "मलाही झोंबते. दोन वर्षं झाली. मी सगळ्यांना विचारलं, कोणी बोलेचना." त्याने डोळे पुसले आणि फोन उचलला. "ताई, उद्या नको. पुढच्या महिन्यात या. एक गोष्ट दुरुस्त करायची आहे." कारखान्यात फोन करून तो "मला जमणार नाही" एवढंच म्हणाला.

तर मित्रांनो, मला धुवा. पुसू नका, धुवा. साबणाच्या बाटलीला स्वतःचं झाकण असतं, साबण त्याने मोजा. आणि कोणी तुमच्यापुढे ग्लास ठेवून "खरं सांग" म्हणालं, तर त्याला खरं सांगून टाका. तो तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारून आलेला असतो.